मरळीचा रस्सा आणि व्याह्यांसाठी वाइन

नांदेडमधील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीची सोयरीक वसईच्या एका ख्रिस्ती कुटुंबात ठरली असून मे महिन्यात व्याही, विहीणबाई आणि होणारे जावई प्रथमच त्यांच्या घरी मुक्कामी येणार आहेत. त्या घरी सणासमारंभाच्या जेवणात वाइन घेण्याची रीत आहे आणि मासे सर्वांच्या आवडीचे आहेत, असे मुलीने सांगितले आहे. भगिनींच्या हातचा मरळीचा काळ्या मसाल्यातला रस्सा नातेवाइकांत वाखाणला जातो. परंतु वाइन त्यांच्या घरात आजवर कधी वाढली गेलेली नाही. चार वर्षांपूर्वी भेट मिळालेली रेड वाइनची एक बाटली तेवढी शोकेसमध्ये उभी आहे. ती उघडावी, असे यजमानांचे म्हणणे. तर माशासोबत व्हाइट वाइनच द्यायची असते, असे मुलाचे म्हणणे. गोदावरीचा मासा पाहुण्यांना रुचणार नाही म्हणून मुंबईहून बर्फात घालून पापलेट मागवावे आणि मसाला अगदी सौम्य करावा, असा विचारही भगिनींच्या मनात आहे. सासूबाई माळकरी आहेत. मासे परसातल्या चुलीवर शिजतात. त्यामुळे वाइनचा विषय त्यांच्यापुढे कसा काढावा, हा आणखी एक घोर. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘आमच्या मराठवाड्यात हे काही नसते, म्हणून आम्ही काहीही केले तरी ते चुकणारच, असे वाटते.’

ताई,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून निघालेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला तेथे अधिक मागणी असल्याचेही नमूद आहे. त्याच ग्रंथात, भडोचला गाड्या भरून माल पाठवणाऱ्या दख्खनच्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तेर यांची नावे येतात. म्हणजे वाइनच्या व्यापाराची वाट दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या प्रदेशाशी जोडलेली होती. हे सांगण्यामागचा हेतू एवढाच, की वाइन ही कोणा एका प्रांताची मिरास नाही, आणि तुम्ही परक्याच्या परीक्षेला बसलेल्या नाही. पाहुणे तुमच्या घरी तुमचे जेवण जेवायला येत आहेत.

आता ‘माशासोबत व्हाइट वाइनच’ या नियमाकडे पाहू. तो निराधार नाही, पण तुमचा मुलगा समजतो तितका तो पक्काही नाही. रेड वाइन बनवताना द्राक्षाचा रस सालींसकट आंबवला जातो आणि सालीतील टॅनिन त्यात उतरते. कोऱ्या, कडक चहाने जीभ आवळल्यासारखी होते, ती याच जातीच्या द्रव्यांमुळे. मटणाच्या चरबीपुढे हा तुरटपणा शोभतो, माशाच्या नाजूक मांसापुढे तो रुक्ष लागतो. त्याहून महत्त्वाचे कारण 2009 साली जपानमधील एका वाइन कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. वाळवलेल्या स्कॅलॉपसोबत, म्हणजे शिंपल्यातील एका प्रकारच्या मांसासोबत, त्यांनी अनेक वाइन चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोहाचे प्रमाण जास्त होते, त्यांच्या घोटानंतर तोंडात माशाचा उग्र वास रेंगाळत होता. आणि लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य मिसळताच तो वास कमी झाला. रेड वाइनमध्ये लोह अनेकदा अधिक असते, म्हणून नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. परंतु कमी लोहाची रेड वाइन चालून जाते आणि जास्त लोहाची व्हाइट वाइनही बिघाड करू शकते. दोष रंगाचा नाही. या अभ्यासातून आपल्या भागासाठी एक स्पष्ट सूचना मिळते: आठवडी बाजारातून आणलेली सुकट किंवा सुके बोंबील पानात असतील, तर त्या जेवणात रेड वाइन मुळीच ठेवू नये.

तुमच्या शोकेसमधल्या बाटलीबद्दल मात्र मला वेगळीच चिंता आहे. ती चार वर्षे काचेच्या कपाटात, उजेडात, उभी राहिली आहे आणि तिने नांदेडचे चार उन्हाळे पाहिले आहेत. उष्णतेने वाइनमधील फळाचा गंध मरतो आणि चव शिजवल्यासारखी होते. बाटली दीर्घकाळ उभी राहिली तर बूच सुकून आत हवा शिरते. बूच वर सरकले असेल किंवा त्याच्या कडेने ओघळ आल्याची खूण असेल, तर ती बाटली पाहुण्यांपुढे आणूच नका. तशी खूण नसली तरी माशाच्या जेवणात तिला स्थान देऊ नये, असे माझे मत आहे. यजमानांना ती उघडून पाहायची असेल, तर एखाद्या रविवारी घरच्या मटणासोबत उघडावी.

माशाविषयी तुम्ही जे गृहीत धरले आहे, ते मला अधिक खटकले. पापलेट 2023 सालापासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, हे खरे. पण नांदेडहून जवळच असलेल्या तेलंगणाने ज्या माशाला राज्य मासा म्हणून मान दिला आहे, तो मरळच आहे. वसईचे लोक समुद्राकाठी राहतात. त्यांना ताजे पापलेट कसे असते, हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा अधिक कळते, आणि बर्फात रात्रभर प्रवास करून मे महिन्यात नांदेडला पोचलेल्या पापलेटाचे काय झाले आहे, हेही त्यांना पहिल्या घासाला कळेल. याउलट मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून ती बाजारात जिवंत मिळते. तिच्यापेक्षा ताजा मासा तुमच्या गावात दुसरा नाही. शिवाय रोहू-कटल्याच्या मांसात रुतून बसलेले बारीक दुफाटी काटे मरळीत नसतात, त्यामुळे समुद्री माशांची सवय असलेल्या माणसाला ती निर्धास्तपणे खाता येते. पापलेटाचा विचार तुम्ही मनातून काढून टाकावा, असा माझा आग्रह आहे.

गोड्या पाण्यातील माशाला कधी कधी मातकट वास येतो, आणि तुमच्या मनातली भीती बहुधा त्याचीच असावी. तो वास जिओस्मिन नावाच्या संयुगाचा असतो. पहिल्या पावसानंतर मातीचा जो गंध येतो, त्यातही हेच संयुग असते. पाण्यातील नीलहरित शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात, आणि माशाच्या चरबीत ते साठते. आपले नाक त्याच्या बाबतीत इतके तीव्र असते, की एका लिटर पाण्यात ग्रॅमचा काही अब्जांश भाग असला तरी तो जाणवतो. मे महिन्यात धरणांचे पाणी आटलेले आणि कोमट असते, तेव्हा हा वास वाढण्याची शक्यता असते. मात्र जिओस्मिन आंबट पदार्थांत टिकत नाही. तुकडे हळद, मीठ आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास मुरवून, मग धुऊन घेण्याची जी पद्धत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचे मर्म हेच आहे. पोटाच्या आतला काळा पापुद्रा नखाने खरवडून पूर्ण काढावा आणि कातडीखालचा गडद लालसर पट्टा सुरीने कापून टाकावा, म्हणजे उरलासुरला वासही जातो. वाइनची निवडही इथूनच सुरू होते, कारण तिच्यातील आंबटपणा ताटात हेच काम पुढे चालू ठेवतो.

तेव्हा मासा कोणता, या प्रश्नापेक्षा तो कशात शिजला आहे, हा प्रश्न आधी विचारावा, असे मी सुचवीन. तुमच्या रश्श्यात भाजलेले खोबरे आहे, तीळ आहेत, काळ्या मसाल्याचा करपट, खमंग वास आहे, वर तेलाचा लाल तवंग आहे, चिंचेचा आंबटपणा आहे आणि तिखट आहे. यांपैकी प्रत्येक गोष्ट वाइनला वेगळे काही मागते. तवंगाला छेद द्यायला आणि चिंचेपुढे टिकायला आंबटपणा लागतो. वाइन रश्श्यापेक्षा कमी आंबट असली, तर ती पाणचट वाटते. तिखटाचे गणित निराळे आहे. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडातील ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोलही चेतवते, म्हणून अधिक अल्कोहोलची वाइन तिखट जेवणासोबत घशाला जाळत जाते. आणि थोडासा गोडवा मात्र ती आग शमवतो. लेबलवर अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते. साडेतेरा-चौदा टक्क्यांची बाटली बाजूला ठेवावी आणि अकरा-बारा टक्क्यांच्या आसपासची घ्यावी.

या सगळ्या अटींत माझ्या मते सर्वांत चांगली बसते ती शेनिन ब्लाँ. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातले, पण नाशिकच्या भागात ते चांगले रुजले आहे, आणि तिथल्या अनेक कंपन्या त्याची किंचित गोडसर, फळांच्या सुवासाची वाइन बनवतात. अनेक वाइनप्रेमी माणसे गोडसर वाइनला कमी लेखतात आणि पूर्ण कोरडी, म्हणजे अजिबात गोडवा न उरलेली, वाइन घेण्यात प्रतिष्ठा मानतात. काळ्या मसाल्याच्या रश्श्यापुढे ती प्रतिष्ठा कामाची नाही. शेनिन मिळाली नाही, तर थोडी गोडसर रीजलिंग घ्यावी, किंवा रोझे घ्यावी. रोझेत द्राक्षाच्या सालीचा स्पर्श थोडाच वेळ होतो, त्यामुळे रंग गुलाबी येतो, फळाचा भरीवपणा येतो आणि तुरटपणा जेमतेम असतो. भाजलेल्या मसाल्याशी तिचे चांगले जमते.

मरळीचे काही तुकडे तुम्ही तळणार असाल, आणि तळावेत असे मी म्हणेन, तर त्यांच्यासाठी सोव्हिन्यों ब्लाँ अधिक योग्य. ती कोरडी आणि चांगली आंबट असते. रवा लावून तळलेल्या तुकड्यावर आपण लिंबू पिळतो, तेव्हा जो परिणाम होतो, तोच तिच्या घोटाने होतो. परंतु तीच बाटली रश्श्यासोबत पुढे नेली, तर तिखटापुढे ती टोकदार लागेल. म्हणून आधी तळलेले तुकडे आणि सोव्हिन्यों, मग भाकरी-रस्सा आणि शेनिन, असा क्रम ठेवावा. ओकच्या पिंपात मुरवलेली शार्डोने, तसेच कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ या जाड रेड वाइन या जेवणात नकोत. स्वस्त आणि अतिगोड पोर्ट वाइन दुकानदार आपणहून पुढे करतो, कारण आपल्याकडे वाइन म्हटले की बहुतेकांना तीच माहीत असते. ती जेवणासोबत घेऊ नये. व्याही मंडळींनी घरी केलेली गोड वाइन सोबत आणली, तर ती जेवणानंतर आवर्जून सर्वांसमोर उघडा आणि तिचे कौतुक करा.

मसाला सौम्य करण्याविषयी तुम्ही विचारले आहे. मी तिखटाला हात लावीन, मसाल्याला नाही. लाल तिखट एक तृतीयांशाने कमी करावे, तवंग थोडा काढून वेगळ्या वाटीत ठेवावा आणि ज्याला हवा त्याला तो द्यावा. पण खोबरे, तीळ, काळा मसाला आणि चिंच यांचे प्रमाण नेहमीचेच राहू द्यावे. ठेचा पानात वाढण्याऐवजी मध्यभागी वाटीत ठेवावा. तुमच्या रश्श्याची ओळख पुसून त्याला वाइनजोगा करण्यापेक्षा, रश्श्याजोगी वाइन शोधणे अधिक सन्मानाचे आहे.

बाटली कोठून घेता, याकडे ती कितीची घेता यापेक्षा जास्त लक्ष द्या. मराठवाड्यात वाइनची विक्री अजून संथ आहे, आणि जी बाटली विकली जात नाही, ती दुकानात उन्हाळ्यामागून उन्हाळे काढते. नाशिकला द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. लेबलवर त्या हंगामाचे साल असते. साध्या व्हाइट आणि रोझे वाइन एक-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात, तेव्हा ताजे साल मागून घ्यावे आणि दुकान वातानुकूलित आहे का, बाटल्या उन्हाच्या काचेजवळ तर नाहीत ना, हे पाहावे. नांदेडमध्ये तसे दुकान सापडले नाही, तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून येणाऱ्या माणसाकडून मागवता येईल. मात्र बाटली गाडीच्या डिकीत दिवसभर तापू देऊ नये. हजार रुपयांच्या आसपास चांगली देशी वाइन मिळते. तीन-चार हजारांची परदेशी बाटली आणल्याने व्याह्यांचा मान वाढेल, असे समजू नका.

मे महिन्यात बाटलीचा थंडावा फार मोलाचा ठरतो. व्हाइट वाइन आठ ते दहा अंश सेल्सियसला चांगली लागते. घरातले तापमान तेव्हा चाळिशीच्या घरात असेल. बाटल्या सकाळीच फ्रिजमध्ये आडव्या ठेवा. वीज गेली, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस-पंचवीस मिनिटांत ती पुरेशी थंड होते. नुसत्या बर्फापेक्षा पाणी मिसळलेला बर्फ लवकर काम करतो, कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते. ग्लासात बर्फ टाकू नये. बरीचशी देशी व्हाइट वाइन फिरकीच्या झाकणाची असते, तरी बूच काढण्याचा स्क्रू घरात आणून ठेवा. दांड्याचे ग्लास नसतील, तर काचेचे साधे, पातळ, स्वच्छ ग्लास चालतील. ते अर्ध्याहून कमी भरावेत. 750 मिलिलिटरच्या बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, म्हणजे चार जण घेणारे असतील, तर दोन बाटल्या पुरेत. जे घेत नाहीत, त्यांना त्याच प्रकारच्या ग्लासांत कैरीचे पन्हे द्या. कोणालाही ‘थोडी तरी घ्या’ असा आग्रह करू नका. मंडळी तुमच्याकडेच मुक्कामी आहेत, म्हणून रात्री गाडी चालवण्याचा प्रश्न येणार नाही, परंतु ती कोणा नातेवाइकाकडे झोपायला जाणार असतील, तर सोडायला जाणाऱ्याने वाइन घेऊ नये.

आता सासूबाई. त्यांना अंधारात ठेवू नका, आणि वाइनला द्राक्षाचा रस म्हणून त्यांची समजूत काढू नका; हे तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. माळकरी असूनही त्यांनी परसातल्या चुलीवर मासे शिजू दिले, यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. ज्यांनी एवढे सामावून घेतले, त्यांना विश्वासात घेतले, तर त्या ऐकून तरी घेतील. ‘पाहुण्यांच्या घरची ही रीत आहे, रात्रीच्या जेवणात त्यांना एकेक ग्लास द्यावा असे मनात आहे, तुम्हाला काय वाटते?’ असे तुम्ही आणि यजमानांनी मिळून विचारावे, आणि त्या नको म्हणाल्या, तर ते नको पाळावे. हे घर आधी त्यांचे आहे. त्यांची हरकत नसेल, तर दुपारची पंगत त्यांच्यासोबत पुरणपोळीची करावी, व्याही-विहिणींनी त्यांच्या शेजारी बसून जेवावे, आणि मासे-वाइनचे जेवण रात्री गच्चीवर ठेवावे. तारीख ठरवताना एकादशी आणि ड्राय डे दोन्ही पाहून घ्यावे.

आणि मुलीमार्फत व्याह्यांनाही विचारून घ्या. रीत आहे, याचा अर्थ प्रत्येक जेवणात ती पाळलीच पाहिजे, असा होत नाही. कदाचित विहीणबाईंना वाइन चालत नसेल, कदाचित व्याह्यांचे औषध सुरू असेल, कदाचित माळकरी घर आहे हे कळल्यावर तेच म्हणतील, की आम्हाला पन्हेच द्या. तसे झाले, तर मनाला लावून घेऊ नका आणि बाटली जबरदस्तीने उघडू नका.

खात्री करून घ्यायची असेल, तर पाहुणे येण्याच्या आधीच्या रविवारी नेहमीचा रस्सा करा, एक शेनिन आणि एक रोझे आणा, आणि घरातील ज्यांना चालते, त्यांनी दोन्हींचा एकेक घोट रश्श्याच्या घासानंतर घेऊन पाहावा. घोटानंतर तिखट वाढले, तोंडात माशाचा वास राहिला किंवा वाइन पाणचट वाटली, तर ती बाटली बाद. पुढचा घास खावासा वाटला, तर तीच आणखी दोन आणून ठेवा. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर दोन-तीन दिवस चांगली राहते.